अवेळीं येणारी जाग व तिचा जमाखर्च

शेतकऱ्यानें पहाटे उठावें, हें त्याला शिकविण्याची गरज कोणासहि पडत नाहीं. गुरांना वैरण घालणें, धार काढणें, मोगऱ्याच्या कळ्या उमलण्यापूर्वीं खुडणें, भाजीच्या पाट्या भरून बोईसर स्टेशनावर पहिली गाडी गांठणें, हीं कामें सूर्याची वाट पाहत नाहींत. अशा कामासाठीं जो उठतो, त्याच्या जागेपणाला हेतु असतो. परंतु कांहींएक काम नसतां रात्रीं अडीच-तीन वाजतां डोळे उघडतात, पुन्हां मिटत नाहींत, आणि कोंबडा आरवेपर्यंत मनुष्य आढ्याकडे पाहत पडून राहतो, असा जो प्रकार आहे त्याविषयीं आपल्या वर्गांत फारसें बोललें जात नाहीं. दुखणें म्हणावें तर ताप नाहीं, खोकला नाहीं. 'वय झालें' एवढेंच म्हणून सारे गप्प बसतात. आम्हीं स्वतः हा प्रकार दीड वर्ष भोगला, व त्यापायीं वडिलार्जित जमिनीचा एक तुकडा हातचा जातां जातां राहिला. सबब, आमच्यासारख्या इतरांस उपयोग व्हावा म्हणून हा लेख लिहीत आहों.

आमचा अनुभव

आम्ही महसूल खात्यांत कारकून होतों. वसुलाची बाकी, पैसेवारीचीं पत्रकें, जमाबंदीचे कागद यांत उमेद गेली. मार्चअखेर जवळ आली म्हणजे घरीं परतावयास रात्रीचे अकरा वाजत. पण पाठ टेकली कीं झोंप लागे. चोपन्नाव्या वर्षीं स्वेच्छेनें निवृत्ति घेऊन आम्ही नवापुरास आपल्या वाडीवर राहावयास आलों. कचेरी सुटली, धांवपळ सुटली. साडेसातला जेवण व साडेआठला अंथरूण, असा क्रम सुरू झाला. दोन महिने लोटले नाहींत तोंच रोज तीनच्या सुमारास जाग येऊं लागली.

प्रारंभीं आम्हीं त्यांत धन्यताच मानली. ब्राह्ममुहूर्तावर डोळे उघडतात, हें सुकृत समजलों. पण उठून करावें असें कांहीं नव्हतें, म्हणून पडूनच राहत होतों. आणि पडल्या पडल्या मन हिशेब मांडूं लागे. मुलाच्या शिक्षणाचें कर्ज, विहिरीवरच्या पंपाची दुरुस्ती, धाकट्या बंधूंबरोबरची राहिलेली वाटणी, एकामागून एक रकमा डोळ्यांपुढें येत. दिवसा ज्या रकमेची चिंता नसे, ती तीन वाजतां डोंगराएवढी दिसे. एका रात्रीं मनाशीं ठाम ठरविलें कीं, समुद्राकडील अकरा गुंठे विकून मोकळें व्हावें. सकाळीं दलालास फोन केला, भाव ठरला, आणि चौथ्या दिवशीं इसार घेण्याचें नक्की झालें.

घरांतील मंडळी सहसा व्यवहारांत बोलत नाहींत. त्या दिवशीं मात्र त्या म्हणाल्या, "अहो, रात्रीं केलेला हिशेब एकदां उन्हांत बसून करा, आणि मग सही करा." आम्ही ओटीवर कागद घेऊन बसलों. पाहतों तों कर्जाचा एक हप्ता दोनदां धरलेला, आणि नारळाचें व भाजीचें उत्पन्न जमेस मुळींच धरलेलें नाहीं. जी तूट रात्रीं भरून निघणारी नव्हती, ती दोन हंगामांत फिटण्याजोगी निघाली. इसार घेतला नाहीं. त्या अकरा गुंठ्यांत यंदा वांगीं व वाल आहेत. आयुष्यभर दुसऱ्यांच्या पत्रकांतील चुका काढणाऱ्या माणसाची ही गत झाली. तेव्हांपासून आमची खात्री झाली आहे कीं, अवेळीं जागें झालेलें मन हा अत्यंत वाईट कारकून असून त्याच्या बेरजेवर सही करूं नये.

तीन वाजतां कोणता मुहूर्त असतो?

प्रथम एका समजुतीचा निकाल लावूं. सूर्योदयापूर्वींच्या दोन मुहूर्तांपैकीं पहिला तो ब्राह्ममुहूर्त. मुहूर्त दोन घटकांचा व घटका २४ मिनिटांची. म्हणजे सूर्योदयास ९६ मिनिटें असतां ब्राह्ममुहूर्त लागतो व ४८ मिनिटें राहिलीं असतां संपतो. आमच्या किनाऱ्यावर जानेवारीच्या मध्यास सूर्य सव्वासातच्या सुमारास उगवतो. त्या दिवसांत ब्राह्ममुहूर्त पांच वाजून ३९ मिनिटांनीं लागेल. जूनच्या आरंभीं सूर्योदय सहाच्या सुमारास होतो, तेव्हां तो चार वाजून २४ मिनिटांनीं लागेल. घड्याळांत तीन वाजतां तो वर्षांतील कोणत्याहि दिवशीं नसतो.

त्यांत आणखी एक गोष्ट आहे. आपलें घड्याळ साडेब्यायशीं अंश रेखांशाच्या वेळेवर चालतें, व नवापूर सुमारें पाऊणत्र्याहत्तर अंशांवर आहे. एका अंशास चार मिनिटें या हिशेबानें आपला सूर्य घड्याळाच्या ३९ मिनिटें मागें असतो. सर्व देशाची एक वेळ १९०६ सालीं ठरली, तरी मुंबईनें आपला निराळा 'बाँबे टाइम' १९५५ पर्यंत राखला होता, तो याच फरकामुळें. म्हणजे आमच्या घड्याळांत तीन वाजतात तेव्हां सूर्याच्या मानानें दोन वाजून एकवीस मिनिटेंच झालेलीं असतात. ती निव्वळ मध्यरात्र होय. त्या वेळच्या जागेस पुण्य समजून अंथरुणांत तळमळत राहण्यांत ना आरोग्य आहे ना धर्म.

झोंपेची घडण

झोंप म्हणजे दिवा मालविल्यासारखी एकसारखी अवस्था नव्हे. सुमारें दीड तासाचें एक, अशीं चार-पांच आवर्तनें रात्रींत होतात. गाढ झोंप बहुतेक पूर्वरात्रीं उरकते, उत्तररात्रींची झोंप हलकी व स्वप्नांची असते. एका आवर्तनांतून दुसऱ्यांत जातांना क्षणभर जाग येणें हें सर्वांस घडतें. पण बहुतेकांस सकाळीं त्याची आठवण राहत नाहीं. दिवसभर जागें राहिल्यानें झोंपेची जी भूक सांठते, ती तीन वाजेपर्यंत पुष्कळशी भागलेली असते. शिवाय शरीरांत एक घड्याळ आहे. तें पेशींत कसें चालतें याचा उलगडा केल्याबद्दल हॉल, रॉसबॅश व यंग या तिघां अमेरिकन शास्त्रज्ञांस २०१७ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. वय वाढतें तसें हें घड्याळ पुढें सरकतें. संध्याकाळीं लवकर पेंग येते व पहाटे लवकर डोळे उघडतात. म्हणजे जाग येणें हा रोग नव्हे. जाग आल्यावर 'आतां झोंप लागलीच पाहिजे' असा जो आपण झगडा मांडतों, त्यांतून रोग उत्पन्न होतो.

रॉजर एकर्च या अमेरिकन इतिहासकारांनीं २००१ सालीं एक निबंध व २००५ सालीं एक ग्रंथ प्रसिद्ध करून असें दाखविलें कीं, युरोपांतील जुन्या कागदपत्रांत 'पहिली झोंप' व 'दुसरी झोंप' असे उल्लेख वारंवार येतात. मधल्या जागेपणीं लोक उठून बसत, बोलत, देवाचें नांव घेत. उलटपक्षीं टांझानिया, नामिबिया व बोलिव्हिया या देशांतील, शिकारीवर व थोड्या शेतीवर राहणाऱ्या, विजेचा दिवा नसलेल्या तीन समाजांचें निरीक्षण २०१५ सालीं प्रसिद्ध झालें. त्यांत हे लोक रात्रीं सरासरीनें सुमारें पावणेसहा ते सात तास झोंपतात, सूर्यास्तानंतर तीन-साडेतीन तासांनीं निजतात, व बहुधा सूर्योदयापूर्वीं उठतात, असें आढळलें. मध्यरात्रींची नेमाची जाग त्यांत दिसली नाहीं. या दोन्हीं गोष्टींवरून आम्ही एवढाच बोध घेतों कीं, अखंड आठ तासांची झोंप ही देवाघरची सनद नाहीं, आणि दिवेलागणीस आडवें होणें ही पूर्वजांची रीतहि नव्हे.

आमच्या शेजारीं एक वृद्ध तांडेल आहेत. खाडींतून होडी बाहेर काढण्यास पाणी लागतें, आणि भरती रोज सुमारें पन्नास मिनिटें उशिरां येते. त्यामुळें त्यांचें उठणें आयुष्यभर पाण्याच्या हिशेबानें झालें. आम्हीं त्यांस विचारलें, "तात्या, अवेळीं जाग आली तर तुम्ही काय करतां?" ते म्हणाले, "पाणी असलं तर जातों. नसलं तर जाळं शिवतों. झोंपेच्या मागं कशाला लागूं? तिला यायचं तेव्हां ती येते." पुढें आम्हीं जें शास्त्र वाचलें, त्यांत याहून फार निराळें कांहीं नाहीं.

पंधरा रात्रींची खतावणी

ज्यास हा त्रास आहे त्यानें औषधाच्या आधीं वही घ्यावी. रोज सकाळीं इतक्या बाबी लिहाव्या: अंथरुणावर केव्हां पडलों, अंदाजें झोंप केव्हां लागली, जाग केव्हां आली, पुन्हां झोंप लागली काय, अंथरूण केव्हां सोडलें, दुपारीं किती निजलों, शेवटचा चहा केव्हां घेतला, ताडी किंवा दारू घेतली काय. रात्रीं उठून घड्याळ पाहूं नये, सकाळच्या अंदाजानें लिहावें. पंधरा रात्रींनंतर बेरीज करावी.

आमची बेरीज अशी निघाली. अंथरुणावर साडेआठला, झोंप नऊला, जाग तीनला, अंथरूण सोडणें साडेपांचला. अंथरुणावर नऊ तास, त्यांत झोंप सहा तास. दुपारची वामकुक्षी म्हणून जी आम्ही समजत होतों, ती दीड तासाची होती. म्हणजे दिवसाची एकूण झोंप साडेसात तास भरली! प्रौढ माणसास सात तास व त्याहून थोडी अधिक झोंप पुरते. आमच्या खात्यांत तूट मुळींच नव्हती. केवळ वांटणी चुकली होती. साडेआठला निजणाऱ्यास तीनला जाग आली तर त्यांत नवल तें काय?

यावरील उपाय आर्थर स्पीलमन या मानसशास्त्रज्ञांनीं १९८७ सालीं मांडला, व तो आजहि मान्य आहे. रात्रीं खरोखर जितके तास झोंप लागते, साधारण तितकेच तास अंथरुणावर राहावें. मात्र साडेपांच तासांहून कमी नको. उठण्याची वेळ ठरवावी, व रात्र कशीहि गेली तरी ती मोडूं नये. अंथरुणावरील काळाचा शेंकडा ८५ भाग झोंपेंत जाऊं लागला कीं, निजण्याची वेळ आठवड्यास पाव तासानें अलीकडे आणावी. आम्हीं साडेदहाला निजणें व पांचला उठणें असें ठरविलें, दुपारचें निजणें वीस मिनिटांवर आणलें, तेंहि तीनच्या आंत. पहिले दहा दिवस कठीण गेले. जेवल्यावर मान लवंडूं लागे. तिसऱ्या आठवड्यांत जाग चारच्या पुढें गेली. पुढें निजण्याची वेळ दहावर आली, व आतां बहुधा पावणेपांचच्या सुमारास डोळे उघडतात. या उपायाच्या आरंभीं दिवसा पेंग येते. सबब त्या दिवसांत ट्रॅक्टर, मोटारसायकल किंवा मळणीयंत्र चालवितांना विशेष सावध असावें. ज्यांस अपस्माराचा किंवा मनाच्या चढउताराचा विकार आहे, त्यांनीं हा प्रयोग डॉक्टरांस विचारल्याशिवाय करूं नये.

याच्या जोडीस तीन गोष्टी सांभाळाव्या. चहाचा अंमल शरीरांतून अर्धा उतरण्यास सुमारें पांच तास लागतात. म्हणून दुपारीं दोननंतर चहा नको. ताडीनें किंवा दारूनें झोंप लवकर लागते हें खरें, परंतु तिचा अंमल उतरतांच उत्तररात्रीं झोंप मोडते. आमच्या भागांत हें कारण जितकें मोठें आहे तितकेंच तें न बोललेलें आहे. तिसरी गोष्ट उजेडाची. सायंकाळचा उजेड शरीराच्या घड्याळास थोडा मागें ओढतो. नवापूरचा किनारा पश्चिमाभिमुख आहे. आम्ही सूर्य बुडेपर्यंत वाळूंत फिरतों, व त्यानंतर जेवतों. देशावरील वाचकांनीं बांधावर फिरावें. उजेड तोच आहे.

जाग आल्यावर काय करावें

अंदाजें वीस मिनिटांत झोंप लागली नाहीं तर अंथरूण सोडावें, असा नियम रिचर्ड बूटझिन यांनीं १९७२ सालीं घालून दिला. अंथरुणाशीं झोंपेची सांगड राहावी, तळमळीची राहूं नये, हें त्याचें तत्त्व. उठून मंद दिव्याजवळ बसावें, व हातांस ओळखीचें, मनास कंटाळवाणें असें काम करावें. तांदूळ निवडावे, वालाच्या शेंगा सोलाव्या, दोरी वळावी, नामस्मरण करावें. डोळे जड झाले कीं पुन्हां निजावें. मोबाईल हातीं घेऊं नये. त्याच्या उजेडापेक्षांहि त्यांतील बाजारभाव व निरोप अधिक जागे करतात. जमिनीचा, कर्जाचा, वाटणीचा विचार मनांत आलाच तर 'उद्यां उन्हांत' एवढेंच म्हणून तो पुढें ढकलावा. आम्ही सायंकाळीं दिवेलागणीपूर्वीं दहा मिनिटें बसून उद्यांचीं कामें व देणीं वहींत लिहितों. त्यामुळें रात्रीं मनाला निराळी पाटी घ्यावी लागत नाहीं.

अंधारांत उठतांना बॅटरी व वहाणा घेतल्याशिवाय अंगणांत पाऊल टाकूं नये. मण्यार रात्रीं फिरते, व जमिनीवर निजलेल्यांस तिचा दंश पुष्कळदां झोंपेंतच व फारशी वेदना न होतां होतो. खाट व नीट खोंचलेली मच्छरदाणी हीं डांसांप्रमाणेंच तिच्यापासूनहि रक्षण करतात.

ज्यांची जाग बाहेरच्या कारणानें आहे त्यांस वरील उपाय पुरे पडणार नाहींत. महाराष्ट्रांत शेतीपंपांस पाळीपाळीनें रात्रींची वीज देण्याची पद्धति अनेक वर्षें चालत आली. दिवसा वीज मिळावी म्हणून सरकारनें २०१७ सालीं मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना व २०२३ सालीं तिचा दुसरा टप्पा काढला. गांवाची पडीक जागा तीस देतां येईल काय, हा ग्रामसभेनें विचार करण्याचा प्रश्न आहे. आमच्या घरांतून तारापूरच्या कारखान्यांत पाळीनें जाणारीं मुलें आहेत. त्यांच्या येण्याजाण्यानें वडीलधाऱ्यांची झोंप मोडते, व वडीलधाऱ्यांच्या दिवसा बोलण्यानें मुलांची. एक खोली दिवसा अंधारी व शांत ठेवणें एवढें तरी करतां येतें. आणि नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरीकडे भूकंपाचे धक्के सुरू झाले, तेव्हां थंडींत घराबाहेर निजलेल्या कुटुंबांस दोरी वळण्याचा उपदेश करणें उद्धटपणाचें झालें असतें. जेथें भीति खरी आहे तेथें आधीं घर सुरक्षित झालें पाहिजे; झोंप त्यामागून येते.

डॉक्टरांस केव्हां दाखवावें

रात्रीं दोन-तीनदां लघवीस उठावें लागत असेल तर रक्तांतील साखर तपासावी, व पुरुषांनीं पौरुषग्रंथीची तपासणी करून घ्यावी. रक्तदाबाच्या गोळ्यांपैकीं एखादी लघवी वाढविणारी असते. ती रात्रीं घेत असल्यास सकाळीं घेतां येईल काय, हें डॉक्टरांस विचारावें. मोठ्यानें घोरणें, मध्येंच श्वास अडकून दचकून उठणें व दिवसा बसल्या जागीं झोंप लागणें हीं श्वास थांबण्याच्या विकाराचीं लक्षणें होत. दुकानांतून आपल्या मतें झोंपेच्या गोळ्या आणूं नयेत. वृद्ध मनुष्य त्यांच्या अमलांत पडून हाड मोडून घेतो. अमेरिकेंतील वैद्यांच्या एका मोठ्या संस्थेनें २०१६ सालीं असेंच सांगितलें कीं, जुनाट निद्रानाशावर आधीं संवयी व विचार सुधारण्याचा उपचार करावा, गोळीचा विचार मागाहून.

परंतु एक लक्षण सर्वांत महत्त्वाचें आहे. आमच्या ओळखीचे एक शेतकरी दोन महिने रोज तीनला उठून बसत. अन्न नकोसें झालें, पीक उभें असून शेताकडे जाईनात, आणि सकाळचा वेळ त्यांना सर्वांत जड जाई. एके दिवशीं ते आम्हांस म्हणाले, "दादा, मी नसलों तर घर सुखी होईल." आम्हीं त्यांस एकटें सोडलें नाहीं. त्यांचे चिरंजीव व आम्ही मिळून त्यांस त्याच दिवशीं डॉक्टरांकडे नेलें. तो मनाचा आजार होता, व त्यास उपचार होता. कांहीं आठवड्यांनीं त्यांची झोंप परत आली, आणि पुढच्या पावसाळ्यांत त्यांनीं स्वतः आवण काढलें. जागेबरोबर अशी उदासी असेल तर वही ठेवीत बसूं नये, तत्काळ इलाज करावा. १४४१६ या 'टेलिमानस' क्रमांकावर रात्रंदिवस विनामूल्य बोलतां येतें. ही सोय भारत सरकारनें ऑक्टोबर २०२२ पासून केली आहे. ज्यांना झोंप नाहीं असे शेजारी आपल्या गांवांत कोण आहेत, याची चौकशी करण्यास पैसा पडत नाहीं.

असो. लवकर उठणें हें शेतकऱ्याचें भूषण आहे, व तें राहावें. परंतु उठणें निराळें आणि अवेळीं जागें पडून राहणें निराळें. पहिल्यानें शेत पिकतें. दुसऱ्यानें आमचे अकरा गुंठे जाणार होते. वाचकांनीं पंधरा रात्रींची वही ठेवून पाहावी, व कोणताहि कागद सहीसाठीं पुढें आला तर तो एकदां उन्हांत वाचावा. ज्यांस यांतून गुण येईल त्यांनीं आपला अनुभव या मासिकाकडे कळवावा, म्हणजे तो इतरांसहि उपयोगीं पडेल.